तेलाच्या पाटावरून 'टमी टाइम'कडे

पहिल्या लसींसाठी बाळाला घेऊन गेलं की नाशिकमधले बालरोगतज्ज्ञ हल्ली दोन गोष्टी एका दमात सांगतात: झोपवायचं पाठीवर, आणि जागेपणी रोज थोडा वेळ पालथं घालायचं. सोबत आलेल्या आजीला दुसरीचं नवल वाटतं. खरं तर दुसरी गोष्ट पहिलीमुळेच आलेली आहे.

१९५० च्या दशकापासून अमेरिका-युरोपात बाळाला पालथं झोपवण्याचा सल्ला रूढ होत गेला. उलटी झालीच तर श्वासनलिकेत जाऊ नये, हा विचार. पटण्यासारखा, पण पडताळलेला नव्हता. झोपेत अचानक दगावणाऱ्या तान्ह्यांमध्ये पालथी झोपवलेली बाळं जास्त आहेत हे लक्षात आल्यावर नेदरलँड्समध्ये १९८७ ला, ब्रिटनमध्ये १९९१ ला आणि अमेरिकेत १९९२ ला सल्ला फिरला. अमेरिकेत १९९४ पासून मोहीमच निघाली आणि असे मृत्यू काही वर्षांत निम्म्यावर आले. मात्र बाळं जागेपणीही पाठीवरच राहू लागली. डोकी मागून चपटी होऊ लागली, मान-खांद्यांना काम उरेना. त्यावरचा उतारा म्हणजे 'टमी टाइम', जागेपणी पालथं घालणं.

जुन्या नाशकातल्या वाड्यांत हे काम तेल लावणारी बाई करायची. मोरीत पाटावर पाय लांब करून बसायची, बाळाला नडग्यांवर पालथं घालायची आणि मानेपासून टाचांपर्यंत हात फिरवायची. बाळ कुरकुरत का होईना, मान वर काढायचं. झोप पाळण्यात, पाठीवर. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी. (ती उशी आता डॉक्टर काढायला लावतात, आणि त्यावरून घरोघरी तहाची बोलणी होतात.) सिडको-इंदिरानगरच्या फ्लॅटमध्येही मालिशवाली येते, पण बऱ्याच घरी सव्वा महिना झाला की तिचं येणं थांबतं. मान धरण्याचे दिवस तर त्यानंतरचे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं, की अजून रांगू-सरकू न लागलेल्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटं पालथं ठेवावं. आकडा ऐकून धसका घेऊ नये. सुरुवात दिवसातून दोन-तीनदा, ३ ते ५ मिनिटांची. दूध पाजल्या पाजल्या नको, लंगोट बदलल्यावर बरं. समोर नुसती चादर दिसते म्हणूनही बाळ रडतं. आपणच समोर पालथं पडून तोंडाला तोंड भिडवलं की ते डोकं उचलतं. आईची छाती चालते, आजीच्या नडग्याही. नाशिकच्या थंडीत बाळ दुपट्यात करकचून बांधलेलं असतं. खोलीत ऊन आलं की ते सोडून हात मोकळे करावेत, कोपरं खांद्यांखाली घ्यावीत. डोळा लागला की लगेच पाठीवर.

पाठीवर झोपणारी बाळं पालथ्यावरून उताणी व्हायला, रांगायला थोडी मागे राहतात, असं अमेरिकेत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. चालायला मात्र दोन्ही गट साधारण एकाच वयात लागले.