शेअरक्रॉपर्स, द

‘गनस्मोक’ या अमेरिकन वेस्टर्न दूरचित्रवाणी मालिकेचा अखेरचा नवा भाग. सीबीएस वाहिनीवर ३१ मार्च १९७५ रोजी प्रक्षेपित. १० सप्टेंबर १९५५ रोजी सुरू झालेली ही मालिका वीस हंगाम चालली. तिचे एकूण ६३५ भाग झाले. वीस वर्षांच्या मालिकेचा शेवट म्हणून हा भाग प्रेक्षकांना निराश करतो, असे मत सर्रास व्यक्त होते.

कथानक विनोदी आहे. वाट्याने जमीन कसणाऱ्या एका गरीब कुटुंबाचा कर्ता आळशी, आणि पेरणी तर वेळेत व्हायला हवी. अशा स्थितीत मार्शलचा सहायक फेस्टस हॅगेन (केन कर्टिस) याला त्यांच्या शेतात राबावे लागते. कथेचा भार फेस्टसवरच आहे. मालिकेचा नायक मार्शल मॅट डिलन (जेम्स आर्नेस) याचा निरोप नाही, मालिका जिथे घडते त्या डॉज सिटी गावाचे पुढे काय झाले याचा उल्लेख नाही. गावातील सलूनची मालकीण किटी रसेल हिची भूमिका करणाऱ्या अमांडा ब्लेक एकोणिसाव्या हंगामानंतरच मालिकेतून बाहेर पडल्या होत्या.

या भागाला ‘समारोप’ म्हणावे का, हा खरा वादाचा मुद्दा. एका मताप्रमाणे लेखक-निर्मात्यांनी संधी वाया घालवली. परंतु चित्रीकरण झाले तेव्हा मालिका बंद होणार असल्याची कल्पना कलावंतांना नव्हती. आणखी काही हंगाम मिळतील अशीच त्यांची अपेक्षा होती, असे आर्नेस यांनी पुढे सांगितले. हे कथन ग्राह्य धरल्यास हा हंगामातला एक नेहमीचा भाग ठरतो आणि दोष वाहिनीच्या निर्णयाकडे जातो. हेच मत अधिक सयुक्तिक वाटते. शिवाय प्रत्येक भागात स्वतंत्र गोष्ट असलेल्या मालिकांना बांधीव शेवट देण्याची प्रथा तेव्हा रुळलेली नव्हती. ‘द फ्युजिटिव्ह’ या मालिकेचा १९६७ मधील गाजलेला शेवट हा अपवाद, तिथे नायकाच्या पत्नीचा खरा खुनी सापडेल का हा एकच प्रश्न पहिल्या भागापासून अनुत्तरित होता. ‘गनस्मोक’मध्ये तसा धागाच नव्हता. तरीही किमान मॅट आणि गावचा डॉक्टर डॉक अ‍ॅडम्स (मिलबर्न स्टोन) यांचा एखादा दीर्घ प्रसंग असता, तर मालिकेशी वाढलेल्या प्रेक्षकाला न्याय मिळाला असता, हे मान्य करावे लागते.

मालिका १९६७ मध्येही रद्द झाली होती, पण सीबीएसचे प्रमुख विल्यम पेली यांच्या हस्तक्षेपाने वाचली. १९७५ मध्ये तसे घडले नाही. त्या वर्षीही ती पहिल्या तीस कार्यक्रमांत होती.

‘गनस्मोक : रिटर्न टू डॉज’ (१९८७) या दूरचित्रवाणीपटात आर्नेस आणि ब्लेक पुन्हा एकत्र आले. स्टोन यांचे १९८० मध्ये निधन झाले होते, कर्टिस त्यात नव्हते. १९९४ पर्यंत असे पाच चित्रपट झाले.