मान टाकलेला गुलाब आणि म्हातारा झालेला गुलाब

फुलदाणीतला गुलाब वाकला की आपण म्हणतो "सुकला", आणि तो केराच्या टोपलीत जातो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्यातले कितीतरी गुलाब नुसते तहानलेले असतात.

हात लावून बघा. आणल्याच्या दुसऱ्या दिवशीच वाकलाय, कळी अर्धीच उमललीय, पाकळ्यांचा रंग जसाच्या तसा आहे, फक्त फुलाखालचा देठ मऊ पडलाय, तर त्याने मान टाकलीय. म्हाताऱ्या गुलाबाची मान बहुधा ताठच असते. फूल पूर्ण उघडलेलं, पाकळ्यांच्या कडा तपकिरी, लाल रंगावर निळसर झाक, आणि बोट लावलं की पाकळी हातात.

मान टाकण्याचं कारण देठात असतं. पाणी जलवाहिन्यांतून वर ओढलं जातं. दांडा कापल्यावर तो कोरडा राहिला तर त्या ओढीबरोबर हवा आत शिरते आणि वाट अडते. फुलदाणीतलं पाणी शिळं झालं की जिवाणू वाढतात, देठ बुळबुळीत होतो आणि नळ्या आणखी तुंबतात. तळेगाव-मावळच्या पॉलिहाऊसमध्ये दांडे कापल्या कापल्या पाण्याच्या बादलीत उभे करतात आणि मग २ ते ४ अंशांच्या शीतगृहात ठेवतात, ते यासाठीच. पुढे वीस दांड्यांची जुडी बाजारातून, रिक्षातून आपल्या घरी येईपर्यंत ती काळजी सुटते. फार कोवळ्या अवस्थेत कापलेली कळीही लवकर मान टाकते, कारण तिच्या मानेला पुरेसा कडकपणा आलेला नसतो.

उपाय घरचाच आहे. परातीत कोमट पाणी घ्या, देठाचं टोक पाण्यात बुडवूनच दोन-तीन सेंटिमीटर तिरकं कापा, आणि अख्खा गुलाब, फुलासकट, तासभर त्यात आडवा ठेवा. नंतर कागदात सरळ गुंडाळून खोल पाण्यात उभा करा. वेळेवर केलं तर मान बहुतेक वेळा पुन्हा उभी राहते. दोन-तीन दिवस वाकलेली मान मात्र सहसा सरळ होत नाही.

म्हातारपण परतवता येत नाही, लांबवता येतं. झाडापासून तुटलेल्या फुलाची साठवलेली साखर संपत जाते, शिवाय इथिलीन वायू त्याला घाईने पिकवतो. पिकलेली केळी आणि आंब्याची पेटी हाच वायू सोडतात, म्हणून फुलदाणी फळांच्या टोपलीशेजारी नको. कार्नेशनला तर हा वायू फार लवकर बाधतो, पाकळ्या आत मिटून जातात. जरबेराला त्याचं जवळजवळ काही वाटत नाही.

सगळ्यात मोठी गल्लत साखरेची होते. म्हातारपण लांबवायला साखर उपयोगी आहे. निशिगंधाच्या वरच्या कळ्या उमलायलाही ती मदत करते. पण नुसती साखर घातलीत तर जिवाणूंनाच मेजवानी मिळते, आणि मान टाकणं उलट लवकर होतं. म्हणून साखरेसोबत आंबटपणा आणि जंतुनाशक दोन्ही हवं: एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा साखर, दोन मोठे चमचे लिंबाचा रस, अर्धा चहाचा चमचा साधं कपड्यांचं क्लोरीनवालं ब्लीच. रस आणि ब्लीच थेट एकमेकांत मिसळू नका, विषारी वायू सुटतो. रस आधी पाण्यात ढवळा, ब्लीच शेवटी. एवढा खटाटोप नको असेल तर साखर विसरा. रोज पाणी बदला, फुलदाणी घासा, पाण्यात बुडणारी पानं काढून टाका. मला स्वतःला हेच जास्त भरवशाचं वाटतं.

जरबेराचा दांडाही वाकतो, आणि तिथेही संशय आधी घाणेरड्या पाण्यावरच घ्यायचा. त्याचा लवदार दांडा खोल पाण्यात कुजतो. त्याला दोन-तीन इंच स्वच्छ पाणी पुरतं.