गेमच्या फाईलला पासवर्ड कुठून आला?

सांगलीत विश्रामबागच्या आसपास कॉलेजची पोरं राहतात. तिथल्या खोल्यांत फुकटचा गेम एकाकडून दुसऱ्याकडे जाताना दोन सूचना ठरलेल्या असतात: 'पासवर्ड नोटपॅडच्या फाईलमध्ये आहे' आणि 'आधी अँटीव्हायरस बंद कर'. या दोन्ही एकाच वेळी जन्मलेल्या नाहीत.

मूळ अडचण जागेची होती. फाईल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामांपैकी फिल कॅट्झचं पीकेझिप १९८९ मधलं, तर यूजीन रोशालचं रार १९९३ मधलं. फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचं, म्हणून मोठी फाईल दाबायची आणि तिचे तुकडे करायचे. हे काम रार झकास करायचं, त्यामुळे पायरसीवाल्यांनी तेच उचललं. आपल्याकडे मात्र बराच काळ सगळा कारभार सीडीवर चालला. कॉम्प्युटर फॉरमॅट करायला नेला की दुकानदारच म्हणायचा, 'चार गेम टाकून देतो.' त्या सीडींत व्हायरस असायचे, पण पासवर्ड नसायचा. मध्ये तपासणारं कोणी नव्हतंच, मग लपवायचं कोणापासून?

तपासणारे आले ते फाईल साठवणाऱ्या साइटांबरोबर. रॅपिडशेअर, मेगाअपलोड यांवर चोरीचा गेम चढला की कंपनीची तक्रार यायची आणि फाईल उडायची. त्यावर उपाय म्हणजे पासवर्ड. साध्या झिपमध्ये आतल्या फाईलींची नावं तरी दिसतात, रारमध्ये तीही झाकता येतात. जकात नाक्यावर कुलूपबंद पेटी यावी आणि किल्ली गिऱ्हाइकाच्या खिशात असावी, असा हा मामला. जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेने मेगाअपलोड बंद पाडलं, पण युक्ती राहिली.

व्हायरसवाल्यांना ती आधीच सुचली होती. २००४ मध्ये बॅगल नावाचा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा व्हायरस, ईमेलमधून कुलूपबंद झिप पाठवायचा आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहायचा. अँटीव्हायरस मेलच्या मजकुरातून पासवर्ड उचलू लागले, तेव्हा तो चित्रात लिहून यायला लागला.

आता दुसरी सूचना. कुलूप फक्त उघडेपर्यंतच उपयोगी. फाईल बाहेर काढली की अँटीव्हायरसला ती दिसते. मग तोच बंद करायला सांगायचं. लोक ऐकतात, कारण क्रॅकमध्ये, म्हणजे गेम फुकट चालावा म्हणून केलेल्या बदलात, मूळ प्रोग्रामची मोडतोड असते आणि अँटीव्हायरस कधीकधी नुसत्या तेवढ्यावरही ओरडतो. 'उगाच दाखवतंय, चालू दे' हे काही वेळा खरं निघालं, आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडलं ते हेच अर्धसत्य.

त्याचा पुरावा २०२१ मध्ये मिळाला. जीटीए ५, एनबीए २के१९ अशा गेमच्या क्रॅक केलेल्या प्रतींतून क्रॅकोनॉश नावाचा मालवेअर (घातक प्रोग्राम) पसरल्याचं अव्हास्ट या अँटीव्हायरस कंपनीने उघड केलं. तो विंडोज सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजकेच प्रोग्राम चालतात अशा अवस्थेत, चालू करायचा, तिथे अँटीव्हायरस पुसून टाकायचा आणि गुपचूप मोनेरो हे आभासी चलन खणत, म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरच्या ताकदीवर चोरासाठी कमवत, बसायचा. २,२२,००० हून जास्त कॉम्प्युटर त्याच्या ताब्यात गेले होते. वीजबिल अर्थातच घरच्यांचं.

तो निदान फक्त खणत होता. हल्ली रेडलाइन, लुमा यांच्यासारखे पासवर्ड चोरणारे मालवेअर जास्त सापडतात. अशी फाईल ओळखायची एक खूण आहे. गेम ४० जीबीचा असल्याचं सांगितलेलं असतं, पण डाउनलोड होतं जेमतेम काही एमबी. उघडल्यावर आत 'सेटअप' नावाची एकच फाईल, आणि ती कधीकधी अचानक ७०० एमबीची. आत निव्वळ शून्यं भरलेली असतात. शून्यं दाबली की जवळपास नाहीशी होतात आणि उघडली की फुगतात. फार मोठ्या फाईली तपासणीत अनेकदा वगळल्या जातात, त्याचा हा फायदा.

ती फाईल चालवली की ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड काही मिनिटांत बाहेर जातात. सोबत कुकीज, म्हणजे तुम्ही लॉगिन आहात हे साइटला सांगणाऱ्या छोट्या नोंदी, जातात, म्हणजे लॉगिन झालेली खाती ओटीपी न मागता चोराकडे उघडतात. म्हणून अशा वेळी नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून सगळीकडून लॉगआउट करावं लागतं, मग पासवर्ड बदलायचे आणि बाधित मशीन कोरी करून विंडोज नव्याने टाकायची. बँकेतून पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन. तिथे पोरं कचरतात. गेम चोरीचा होता हे सांगावं लागेल, आणि कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब नुसार जाणूनबुजून चोरीचा प्रोग्राम वापरणं हाही गुन्हाच आहे.