लाल कोळी औषधाला दाद देत नाही, तेव्हा
(पॉलिहाऊसमध्ये स्ट्रॉबेरी घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

फेब्रुवारीत ऊन तापू लागलं की "मागचं औषध आता चालत नाही, जरा जालीम द्या" ही मागणी सुरू होते. जालीम देण्याआधी आम्ही विचारतो: फवारा पानाखाली पोचला का? आणि याआधी काय काय मारलं?

लाल कोळी ही पानातला रस शोषणारी बारीक कीड, पानाच्या खालच्या बाजूला जाळं करून राहते. वरून पान चिंब झालं तरी कोळ्याला काही होत नाही. शिवाय हेक्सिथायाझॉक्स, इटोक्साझोल ही औषधं अंडी आणि पिल्लांवर चालतात, मोठे कोळी मारत नाहीत. तिसऱ्या दिवशी मोठे कोळी फिरताना दिसले म्हणजे औषध वाया गेलं असं नाही.

हे सगळं नीट होऊनही कोळी उरत असेल, तर प्रतिकारशक्ती आली असं समजा. २५ ते ३० अंशांत अंड्यापासून पूर्ण कोळी साधारण ८-१० दिवसांत तयार होतो. नर न फळलेल्या अंड्यातून जन्मतो, त्याच्याकडे गुणसूत्रांचा एकच संच असतो, त्यामुळे प्रतिकाराचा गुण त्याच्यात दबून राहत नाही. फवारणीत असे नर वाचतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. त्यात पॉलिहाऊस बंदिस्त. बाहेरचे साधे कोळी येऊन मिसळण्याचं प्रमाण कमी.

सगळ्यात मोठी फसगत होते ती नावांत. फेनाझाक्वीन, फेनपायरोक्सिमेट, पायरिडाबेन ही तीन वेगळी औषधं वाटतात, पण तिन्ही कोळ्याच्या शरीरात एकाच ठिकाणी मार करतात. हेक्सिथायाझॉक्सनंतर इटोक्साझोल मारणं हीही अदलाबदल नव्हे. बाटलीवरचं मोठं नाव सोडा, बारीक अक्षरातलं तांत्रिक नाव वाचा आणि पुढच्या फवारणीला गट बदला (एकाच ठिकाणी मार करणारी औषधं म्हणजे एक गट). मात्रा वाढवू नका, दोन कोळीनाशकं मनाने मिसळू नका. सिंथेटिक पायरेथ्रॉइड तर टाळाच: त्याने कोळी खाणारे मित्रकोळी मरतात आणि महिन्याभरात प्रादुर्भाव आधीपेक्षा वाढलेला दिसतो.

स्ट्रॉबेरीची तोडणी दिवसाआड चालते. म्हणून औषधाची या पिकावर शिफारस आहे का, आणि फवारणीनंतर किती दिवस तोडणी थांबवायची, हे लेबलवर पाहूनच खरेदी करा. तेवढे दिवस थांबणं जमणार नसेल तर ते औषध घेऊ नका, आम्हीही देणार नाही.

दुकानात येताना ठिपके पडलेली चार-पाच पानं कागदी पिशवीत आणि फवारणीची वही आणा. कोळी जिवंत आहे का, अंडी किती आहेत, हे भिंगाखाली तुमच्यासमोरच पाहू. औषध त्यानंतर ठरवू.