डावी मूठ पुढे ढकलली तर गाडी कुठे वळते? क्लासिक बाइकचं हँडल आणि टायर बदलण्याआधी

रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० दारात आली की दोन-तीन महिन्यांत दोन गोष्टी बदलायची खाज सुटते, हँडल आणि मागचा टायर. त्यावर मिळणारे सल्ले ऐकून शेवटी हे लिहायला बसलो. एक म्हणजे "हँडल काय, नुसता लूकचा प्रश्न आहे, आवडेल ते टाक" आणि दुसरा "टायर जेवढा जाड तेवढी ग्रिप जास्त". दोन्ही चूक आहेत, पण का चूक आहेत ते कळायला आधी मोटरसायकल वळते कशी हे बघायला लागतं आणि हा माझा अत्यंत आवडता विषय आहे.

समजा ताम्हिणीत ४० च्या स्पीडला डावं वळण आलं. आपण हँडल डावीकडे फिरवतो असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात आपण डावी मूठ हलकेच पुढे ढकलतो, म्हणजे पुढचं चाक क्षणभर उजवीकडे बघतं! विश्वास बसत नसेल तर मोकळ्या सरळ रस्त्यावर ४०-५० च्या स्पीडला डावी मूठ अगदी बोटभर जोराने पुढे दाबून बघा, गाडी डावीकडे झुकते आणि डावीकडेच जाते. तळहातावर काठी उभी धरलीय आणि ती डावीकडे कलवायचीय तर हात उजवीकडे न्यावा लागतो, तसंच हे. चाकं उजवीकडे सरकतात, वरचं वजन मागे राहतं, गाडी डावीकडे पडायला लागते, आणि ते पडणंच आपल्याला हवं असतं. याला काउंटरस्टीअरिंग म्हणतात. विमानवाल्या राइट बंधूंचं अमेरिकेतल्या डेटनमधे सायकलचं दुकान होतं आणि त्यातल्या विल्बरच्या हे शंभरेक वर्षांपूर्वीच लक्षात आलं होतं, रोज सायकल चालवणाऱ्यांनाही आपण असं करतो हे ठाऊक नसतं याचं त्याला फार नवल वाटायचं.

आता झुकायचं किती? वळणाची त्रिज्या २५ मीटर आणि स्पीड ४० धरला तर साधारण २७ अंश. सूत्र सोपं आहे, कोनाचा टॅन म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या आणि जी यांचा गुणाकार (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, ९.८; वेग मीटर पर सेकंदमधे घ्यायचा, ११.१). एकदा गाडी झुकली की पुढचं चाक आपणहून वळणाच्या दिशेला फिरतं, कारण फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन पाय) ज्या रेषेभोवती फिरतो ती रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर जिथे टेकतो त्याच्या थोडी पुढे जमिनीला लागते. या अंतराला ट्रेल म्हणतात, बहुतेक रोड बाइकला ते दहा सेंटिमीटरच्या आसपास असतं. फिरत्या चाकाचा जायरोस्कोपिक इफेक्टही (वेगाने फिरणारं चाक आपली दिशा सहज सोडत नाही तो) मदत करतो, पण "दुचाकी जायरोस्कोपमुळेच उभी राहते" हे जे सांगतात ते खरं नाही. २०११ साली सायन्स या नियतकालिकात एक पेपर आला, त्यातल्या प्रायोगिक सायकलमधे जायरोस्कोपिक इफेक्ट रद्द केला होता आणि ट्रेलही किंचित उलटा ठेवला होता, तरी ती ढकलल्यावर स्वतःचा तोल सांभाळत जायची. वजन कुठे आहे यावरही बरंच अवलंबून असतं.

तर हँडल म्हणजे हे सगळं सुरू करणारी तरफ. टॉर्क म्हणजे जोर गुणिले अंतर. मूठ मध्यापासून ३५ सेंटिमीटरवर असेल आणि तुम्ही अरुंद ड्रॅग बार (जवळपास सरळ, बुटकं हँडल) टाकून ती २८ वर आणली तर तेवढ्याच कामाला पंचवीस टक्के जास्त जोर लागतो. घाटात दिवसभर डावं-उजवं केलं की मनगटं सांगतात. उलट फार रुंद हँडल किंवा उंच एप हँगर (मुठी खांद्याच्या उंचीला नेणारं हँडल) टाकला तर हायवेला छातीवर वारा येतो, आपण मुठींना लोंबकळतो आणि हातांचा प्रत्येक धक्का स्टीअरिंगमधे जातो, गाडी डुलायला लागते. माझं मत विचाराल तर ओरिजिनलपेक्षा रुंदीत आणि उंचीत दोन-तीन सेंटिमीटरच्या पलीकडे जाऊ नका.

माप घ्यायचं ते व्हर्निअरने. मुठीकडे बहुतेक हँडल २२ मिलिमीटरचं असतं, पण क्लॅम्पमधे बसतो तो मधला भाग २२, २५.४ किंवा २८.६ यातला कुठलाही असू शकतो. बसवून झाल्यावर मेकॅनिकसमोरच गाडी न्यूट्रलला चालू ठेवा आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. फिरवताना इंजिनचा आवाज चढला तर अ‍ॅक्सिलरेटर केबल ओढली जातेय, गाडी तशी घेऊन निघू नका. क्लच वायर आणि ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, आणि मूठ टाकीला लागून बोटं चेमटत नाहीत ना, तेही बघा.

पडलेली गाडी एका बाजूला ओढायला लागली की "ही लाभत नाही" म्हणून विकायला काढणारे किंवा हँडलला लिंबू-मिरची बांधणारे लोक आहेत. गाडीला नजर लागत नाही. फोर्क क्लॅम्पमधे पिळलेला असतो, कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) गेलेला असतो नाहीतर चाकं एका रेषेत नसतात, आणि यातलं काहीही गॅरेजमधे सापडतं.

टायरचं गणित करून बघा. गाडी १९५ किलो, तुम्ही ७५, मागच्या चाकावर साधारण १५० किलो धरू. हवा ३२ पीएसआय म्हणजे सव्वादोन किलो प्रति चौरस सेंटिमीटर. भागाकार केला तर ६७ चौरस सेंटिमीटर, एवढाच रबराचा तुकडा रस्त्याला टेकतो. यात टायरची रुंदी कुठे आली का? टायरच्या कडकपणाने थोडा फरक पडतो, पण जाड टायर टाकला की मुख्यतः तुकड्याचा आकार बदलतो, लांबट होता तो आडवा होतो, क्षेत्रफळ जवळपास तेवढंच. वीस बीएचपीच्या इंजिनला १४० चा (म्हणजे १४० मिलिमीटर रुंद) टायर मिळून काही फायदा नाही.

वर तोटे आहेत. १४० च्या टायरला साधारण साडेतीन ते साडेचार इंच रुंदीची रिम लागते. अरुंद रिमवर चढवला की कडा आत ओढल्या जातात, मधला भाग टोकदार होतो, सरळ जाताना कमी रबर टेकतं आणि झुकवताना गाडी एकदम पडल्यासारखी वाटते. क्लासिकला मागे १२०/८०-१८ येतो (रुंदी १२० मिलिमीटर, उंची तिच्या ८० टक्के, रिम १८ इंची). होंडाच्या एचनेस या बाइकवरचा १३०/७०-१८ काही जण बसवतात, त्याचा बाहेरचा व्यास दहा मिलिमीटरने कमी भरतो, म्हणजे गाडी मागून पाच मिलिमीटर खाली. चालतं, पण रिमची रुंदी आणि चेनकडची जागा मोजूनच. पुढे १००/९०-१९ च राहू द्या, त्याच्याशी खेळलात तर ट्रेल बदलतो.

क्लासिकच्या साध्या स्पोक रिमला ट्यूब लागतेच, टायरवर ट्यूबलेस लिहिलेलं असलं तरी. साइडवॉलवर टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे असतात, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. दुकानदार डिस्काउंट देतोय म्हणून तीन-चार वर्षं पडून कडक झालेला टायर घेऊ नका, टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेलाच आहे ना बघा, आणि नवीन रबरावर पहिले शंभरेक किलोमीटर गाडी फार झुकवू नका, विशेषतः रस्ता ओला असेल तर.