क्लासिकल ख्रिश्चन शिक्षणातलं मिडल स्कूल (लॉजिक स्टेज)

अमेरिकेत साधारण सहावी ते आठवीच्या वर्गांना मिडल स्कूल म्हणतात, आणि तिथल्या क्लासिकल ख्रिश्चन शाळांमध्ये (म्हणजे जुन्या ग्रीक-रोमन पद्धतीचं शिक्षण ख्रिश्चन श्रद्धेसोबत देणाऱ्या शाळांमध्ये) याच वयाला लॉजिक स्टेज म्हणजे तर्काचा टप्पा, किंवा डायलेक्टिक स्टेज असं नाव आहे. इयत्तांची हद्द शाळेगणिक थोडी मागेपुढे होते, कुठे पाचवीपासून धरतात तर कुठे सातवीपासून, पण कल्पना सगळीकडे तीच. या वयात पोरं उलट बोलायला लागतात, प्रत्येक गोष्टीला "पण का?" करतात, मोठ्यांची चूक सापडली की त्यांना कोण आनंद होतो, तर मग त्यांना गप्प बसवण्यापेक्षा वाद नीट कसा घालायचा तेच शिकवा. सगळा अभ्यासक्रम या एका गोष्टीभोवती उभा आहे.

लॉजिक हे नाव जुनं आहे. मध्ययुगीन युरोपात व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन विद्यांना मिळून ट्रिव्हियम म्हणायचे, आणि अंकगणित, भूमिती, संगीत, खगोल या चौघांना क्वाड्रिव्हियम. १९४७ साली डोरोथी सेयर्स या इंग्लिश लेखिकेने (डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांसाठी प्रसिद्ध, नंतर दांतेचा अनुवाद केला त्याच) ऑक्सफर्डला एक व्याख्यान दिलं आणि त्यात या तीन विद्या मुलाच्या वयाशी जोडल्या: आधी पोपटासारखं पाठ करण्याचं वय, मग साधारण १२ ते १४ हे हुज्जत घालण्याचं वय, मग स्वतःला व्यक्त करण्याचं वय. १९८१ मध्ये आयडाहो राज्यातल्या मॉस्को या छोट्या गावात डग्लस विल्सन आणि काही पालकांनी लोगोस स्कूल सुरू केलं ते हीच कल्पना धरून, आणि १९९१ मध्ये विल्सन यांचं पुस्तक आल्यावर अशा शाळा भराभर निघाल्या. एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्यायला हवी. मध्ययुगात ट्रिव्हियम हे विषय होते, वयाचे टप्पे नव्हते. टप्प्यांची मांडणी सेयर्सबाईंची, म्हणजे २० व्या शतकातली, त्यामुळे "हजार वर्षं असंच शिकवत आलेत" असं कोणी सांगितलं तर ते बरोबर नाही.

या टप्प्याचा कणा म्हणजे औपचारिक तर्कशास्त्र. आपल्याकडे महाराष्ट्र बोर्डात तर्कशास्त्र अकरावी आर्ट्सला येतं तेही ऐच्छिक, इथे ते सातवी-आठवीच्या मुलाला. आधी विधान म्हणजे काय, मग विधानांचे चार प्रकार (सगळे आहेत, कोणीच नाही, काही आहेत, काही नाहीत), मग अ‍ॅरिस्टॉटलचा सिलॉजिझम, म्हणजे दोन आधारविधानं आणि त्यातून एक निष्कर्ष. फळ्यावर लिहितात: सगळे कुत्रे प्राणी आहेत, सगळी मांजरं प्राणी आहेत, म्हणून सगळे कुत्रे मांजरं आहेत. वर्ग हसतो, पण हे चूक का ते सांगताना भल्याभल्यांची गाडी अडते, कारण दोन्ही आधारविधानं तर खरी आहेत. दोष रचनेत आहे. 'प्राणी' हा मधला दुवा दोन्हीकडे अर्धवटच पकडलाय, त्यामुळे तो कुत्र्याला मांजराशी जोडूच शकत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की तीच रचना जाहिरातीत आणि निवडणुकीच्या भाषणात दिसायला लागते. सिलॉजिझमच्या एकूण २५६ रचना होतात, पारंपरिक हिशोबाने त्यातल्या फक्त २४ वैध, आणि त्या लक्षात ठेवायला बार्बारा, सेलारेंट अशी मध्ययुगीन नावं आहेत जी मुलं चक्क पाढ्यासारखी म्हणतात. पर्वतावर धूर आहे म्हणजे आग आहे हे न्यायदर्शनातलं अनुमान ज्यांना माहीत आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल, फरक इतकाच की न्यायात अनुमानाचे अवयव, म्हणजे पायऱ्या, पाच आणि "जसं स्वयंपाकघरात" असं उदाहरण द्यावंच लागतं. सोबत तर्कदोष शिकवतात: मुद्दा सोडून माणसावर घसरणं, समोरच्याचं म्हणणं मुद्दाम वाकडं करून मग ते खोडणं, आधी घडलं म्हणून तेच कारण मानणं.

दुसरा खांब लॅटिन. ती बहुतेक ठिकाणी आधीपासून सुरू झालेली असते, पाठांतराने रूपं तोंडपाठ असतात, आता वाक्य सोडवायचं. 'आग्रिकोला पुएल्लाम वोकात' म्हणजे शेतकरी मुलीला हाक मारतो, आणि शब्द उलटेपालटे करून 'पुएल्लाम आग्रिकोला वोकात' केलं तरी अर्थ तोच, कारण कर्म कोण ते शेवटचा 'म' सांगतो. इंग्रजी मुलाला हा धक्का असतो. "रामाने रावणाला मारलं" आणि "रावणाला रामाने मारलं" एकच, हे मराठी मुलाला वेगळं शिकवावंच लागत नाही, आणि संस्कृतची विभक्ती केली असेल तर अजूनच सोपं. उच्चारावरूनही शाळाशाळांत फरक आहे, रोमन वक्ता सिसेरोचं नाव चर्चची पद्धत असेल तर चिचेरो, प्राचीन रोमची असेल तर किकेरो.

इतिहास, साहित्य आणि बायबल अनेक शाळांत एकत्र घेतात. पेनसिल्व्हेनियातल्या व्हेरिटास प्रेसचा ऑम्निबस हा त्यातला प्रसिद्ध कोर्स, पहिल्या वर्षी बायबलमधल्या उत्पत्ती आणि निर्गमच्या बरोबरीने हम्मुराबीची संहिता, होमरची ओडिसी, ग्रीक इतिहासकार हिरोडोटस आणि इनिड हे रोमन महाकाव्य. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला होमर पूर्ण वाचायला देणं हे धाडस आहे आणि मला ते मनापासून आवडतं. लिखाणात प्रोजिम्नाझ्माता नावाचे ग्रीक सराव येतात, एकूण १४, दंतकथा पुन्हा सांगण्यापासून सुरुवात, मग एखादी कथा खोडून काढायची आणि नंतर तिचीच बाजू घ्यायची. गणित-विज्ञान बरंचसं इतर शाळांसारखं, आठवीपर्यंत बीजगणिताला हात.

घरी शिकणाऱ्या मुलांसाठी १९९७ मध्ये सुरू झालेला क्लासिकल कन्व्हर्सेशन्स हा कार्यक्रम आहे, आठवड्यातून एक दिवस गट जमतो, बाकी घरी. त्यांच्या सातवीच्या पातळीला मुलं जगाचा नकाशा आठवणीतून काढायला शिकतात, आठवीच्या पातळीला लुटुपुटीचा खटला चालवतात, वकील साक्षीदार सगळं स्वतःच.

टीकाही आहे आणि ती टाळू नये. वाचनाची यादी जवळजवळ पूर्ण पाश्चात्त्य, भारत-चीन नावापुरते. विल्सन यांच्या अमेरिकन गुलामगिरीवरच्या लिखाणावर तर इतिहासकारांनी कडक टीका केली, आणि ख्रिश्चन क्लासिकल शाळा चालवणाऱ्या सगळ्यांना ते मान्य आहे असंही नाही. शिवाय मूळ प्रश्न राहतोच, जो मुलगा सगळ्यावर प्रश्न विचारायला शिकला तो श्रद्धेवरही विचारणार. चांगले शिक्षक म्हणतात विचारू दे, खरं असेल ते टिकेल, आणि काही ठिकाणी मात्र उत्तर आधीच ठरलेलं असतं. शाळा बघायला गेलेल्या पालकांनी लॉजिकच्या तासाला मागच्या बाकावर बसून हेच ऐकावं, मुलाने न पटणारा प्रश्न विचारल्यावर समोरून काय येतं.