'कामगार कर भरत नाहीत' हे खरं नाही

मंदी आली की एक मेसेज हमखास फिरतो: मूठभर लोक आयकर भरतात, बाकीचे सरकारी दवाखाने फुकट वापरतात. आयकर थोडेच लोक भरतात हे खरं आहे, म्हणून पुढचंही पटून जातं. पण आयकर हा अनेक करांपैकी एक.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातल्या कामगाराची पगारपावती बघा. महिना १०,००० रुपयांच्या वर पगार असलेल्या पुरुषाचा व्यवसाय कर दरमहा २०० रुपये कापला जातो, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. मग मोबाइल रिचार्जची पावती उघडा. १८ टक्के जीएसटी, म्हणजे २९९ रुपयांतले सुमारे ४६ रुपये कर. साबणाच्या वेष्टनावर किमतीशेजारी 'सर्व करांसहित' छापलेलं असतं. पेट्रोलमध्ये उत्पादन शुल्क आणि व्हॅट आहेच.

मंदीत आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग कंत्राटी माणसं घरी बसतात. तोटा झालेल्या कंपनीचा आयकर शून्यावर येऊ शकतो. रिचार्जवरचा कर मात्र काम सुटलेल्या माणसालाही तेवढाच, आणि मला हेच सर्वांत जास्त खुपतं. त्याच महिन्यांत तो खासगी डॉक्टर सोडून सिव्हिलमध्ये केसपेपर काढायला जातो.